अर्ध्या तासाची संगीतिका : बाडेन-बाडेनचा महोत्सव आणि मराठी प्रायोगिक संगीतनाट्याच्या हरवलेल्या चाली

प्रस्तावना

मराठी नाट्यसमीक्षेत 'संगीत नाटक' हा शब्द उच्चारला की किर्लोस्कर, देवल, बालगंधर्व, भरजरी शालू आणि ऑर्गनचे सूर असे एक ठराविक चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. 'प्रायोगिक नाटक' म्हटले की दुसरे चित्र उभे राहते : लहान सभागृह, काळा पडदा, मोजके प्रेक्षक आणि बहुधा गद्य. या दोन चित्रांमध्ये एक तिसरी परंपरा आहे. तिच्यात संगीत हे नाटकाचे अलंकरण नसून नाटकाची रचना आहे; परंतु पात्रे, वाद्ये, नेपथ्य आणि कालावधी ही सर्व माफक आहेत. पाश्चात्त्य संगीतात या प्रकाराला चेंबर ऑपेरा म्हणतात. मराठीत आकाशवाणीमुळे रुळलेला 'संगीतिका' हा शब्द त्याला जवळचा आहे. प्रस्तुत लेखात या प्रकाराच्या एका युरोपीय महोत्सवाकडे आणि पुण्यात १९७२ ते १९७९ या काळात घडलेल्या त्याच्या मराठी भावंडांकडे मागे वळून पाहिले आहे. ही तुलना केवळ प्रभावाच्या शोधासाठी केलेली नाही. त्या प्रयोगांतील संगीत आज यवतमाळ, वणी किंवा पुसदच्या एखाद्या महाविद्यालयाला नव्याने उभे करावयाचे झाल्यास हाती काय लागते, हा या लेखामागील खरा प्रश्न आहे.

बाडेन-बाडेन, १९२७

जर्मनीच्या नैऋत्येकडील डोनाउएशिंगेन या छोट्या गावात १९२१ साली समकालीन संगीताचा एक महोत्सव सुरू झाला. त्याला तेथील फ्युर्स्टेनबर्ग या राजघराण्याचा आश्रय होता. नव्या संगीतकारांची लहान वाद्यवृंदासाठीची रचना ऐकविणे हा त्याचा हेतू होता. १९२४ साली शोनबर्ग आणि वेबर्न यांच्या रचना तेथे वाजल्या. १९२७ साली हा महोत्सव बाडेन-बाडेन या गावी आला आणि त्या वर्षीच्या १७ जुलैच्या संध्याकाळी एकापाठोपाठ चार छोट्या संगीतिका सादर झाल्या. अर्न्स्ट टॉख याची वाटाण्यावर झोपलेल्या राजकन्येची कथा, दारियुस मीयो याची युरोपाच्या अपहरणाची जेमतेम नऊ मिनिटांची रचना, पाउल हिंडेमिट याची 'जाणे आणि परतणे', आणि कुर्ट वाइल व बर्टोल्ट ब्रेख्त यांचे 'महागोनी' हे गीतनाट्य, असा तो कार्यक्रम होता.

या चौघांत हिंडेमिट आणि वाइल यांच्या कृती आजही विचार करावयास लावतात. हिंडेमिटच्या संगीतिकेत नवरा घरी येतो, बायकोच्या हातातील पत्रावरून त्याला संशय येतो, तो तिला गोळी घालतो आणि स्वतः खिडकीतून उडी टाकतो. येथे एक ऋषितुल्य पुरुष प्रकट होऊन सांगतो की घडलेले उलटेही घडू शकेल. मग तीच कथा शेवटाकडून आरंभाकडे जाते : मेलेली बायको उठते आणि संशयाच्या आधीचा क्षण परत येतो. संगीतही टप्प्याटप्प्याने मागे फिरते. सर्व मिळून सुमारे बारा मिनिटे. हा बुद्धीचा खेळ आहे आणि त्याचे हसू लवकर ओसरते, हे मान्य करावे लागेल. तथापि काळ उलटा चालविण्याची ही कल्पना गद्य नाटकात इतक्या थोडक्यात मांडता आली नसती. संगीताला पुनरावृत्तीचा अधिकार असतो. तो अधिकार हिंडेमिटने कथानकाला उसना दिला.

'महागोनी'चे बळ वेगळे आहे. मुष्टियुद्धाच्या रिंगणासारखा रंगमंच, मागे कास्पर नेहेर याची प्रक्षेपित चित्रे, सहा गायक आणि दहा वादक. गंभीर संगीताच्या महोत्सवात मद्यगृहातील गाण्यांच्या धाटणीची गाणी आली आणि ती गाणाऱ्यांमध्ये ऑपेराचे शिक्षण नसलेली लोटे लेन्या होती. सुखाचे नगर शोधावयास निघालेली माणसे तेथे कंटाळतात आणि अखेरीस असे नगर नाहीच हे कळते. प्रेक्षकांतील काहींनी शिट्ट्या वाजविल्या, काहींनी टाळ्या. गायकांजवळही शिट्ट्या देऊन ठेवलेल्या होत्या आणि त्यांनी त्या वाजवून उत्तर दिले. प्रेक्षकांचा निषेध आधीच गृहीत धरून त्याला रचनेत जागा देणे ही या प्रयोगाची खरी नवलाई होय.

त्यानंतर महोत्सव फार टिकला नाही. १९२९ साली ब्रेख्त-हिंडेमिट यांच्या 'बोधनाट्या'त एका अजस्र विदूषकाचे हातपाय कापण्याचा प्रसंग आला आणि मोठा गदारोळ झाला. पुढच्या वर्षी महोत्सव बर्लिनला गेला व थांबला. डोनाउएशिंगेनला तो नव्या रूपाने नियमित सुरू झाला तो १९५० साली. दरम्यान त्या संध्याकाळचे चारही संगीतकार नाझी राजवट आणि युद्ध यांमुळे देश सोडून अमेरिकेत पोहोचले होते. महोत्सव संपला, संगीतकार पांगले. तरी 'महागोनी'चे गीतनाट्य १९६३ साली डेव्हिड ड्र्यू याने संपादित करून स्वरलिपीसह छापले आणि ते पुन्हा कोठेही उभे करता येऊ लागले. हा तपशील पुढील विवेचनासाठी महत्त्वाचा आहे.

पुण्यातील आठ वर्षे

पुण्यात असा महोत्सव झाला नाही. तथापि भरत नाट्य मंदिराच्या रंगमंचावर आणि एका संस्थेच्या घडणीत जे घडले त्याचे स्वरूप एखाद्या विखुरलेल्या महोत्सवासारखेच होते. विजय तेंडुलकर यांच्या 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने केला. एकोणीस प्रयोगांनंतर तो थांबला. कलावंत बाहेर पडले, २७ मार्च १९७३ रोजी थिएटर अकादमीची स्थापना झाली आणि ११ जानेवारी १९७४ रोजी नाटक पुन्हा रंगमंचावर आले. या वादाचा इतिहास वारंवार लिहिला गेला आहे. नाना फडणवीसांचे चित्रण, जातीय अस्मिता, १९८० च्या युरोप दौऱ्याला झालेला विरोध यांवर पुष्कळ शाई खर्ची पडली. भास्कर चंदावरकर यांच्या संगीतावर मात्र त्या मानाने फारच कमी लिहिले गेले, आणि ही उणीव समीक्षेची आहे.

'घाशीराम'मधील माणसांची भिंत ही मूलतः एक गाणारी भिंत आहे. ओळीने उभे असलेले ब्राह्मण कधी पडदा होतात, कधी पुणे शहर होतात, कधी घाशीरामाच्या मुलीचे रडणे झाकणारा कल्लोळ होतात. जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन आणि कृष्णदेव मुळगुंद यांचे नृत्यलेखन यांना चंदावरकरांनी दिलेला आधार म्हणजे कीर्तन, भजन, लावणी यांच्या ओळखीच्या चाली होत. चाली नव्या असत्या तर प्रेक्षक त्या ऐकत बसला असता. त्या ओळखीच्या असल्यामुळे तो नकळत डोलू लागतो आणि डोलता डोलता एका हिंसक समूहाचा भाग होतो. भजनाचा ठेका क्रौर्याला कसा चालतो हे दाखविणे हे या नाटकाचे सर्वांत अस्वस्थ करणारे विधान आहे, आणि ते तेंडुलकरांच्या शब्दांत जेवढे आहे त्याहून अधिक त्या ठेक्यात आहे. केवळ संहिता वाचून हे नाटक कळले असे मानणारा अभ्यासक अर्धेच नाटक वाचतो.

सतीश आळेकर यांचे 'महानिर्वाण' २२ नोव्हेंबर १९७४ रोजी रंगमंचावर आले. चेंबर ऑपेरा या संज्ञेला मराठीतील सर्वांत जवळची कृती कोणती असे विचारल्यास हेच नाव घ्यावे लागेल. चाळीतील भाऊराव मरतात आणि स्वतःच्याच मरणावर कीर्तन लावतात. त्यांचा हट्ट असा की दहन जुन्या स्मशानातच व्हावे. ते स्मशान तर बंद झालेले. मुलगा नाना प्रेत सांभाळत बसतो, विधवा रमेला सांत्वनाला आलेल्यांपैकी डावीकडून तिसरा आवडतो, आणि चाळकरी टाळकऱ्यांप्रमाणे मागे धृपद धरतात. कीर्तनात एकच मनुष्य निवेदक, राजा, राणी, देव सर्व काही होतो. हे बहुरूप कीर्तनकाराला परंपरेनेच मिळालेले असते. आळेकरांनी ते प्रेताला दिले. मेलेला माणूस पूर्वरंग लावतो तेव्हा त्या विनोदाच्या तळाशी एक भीती असते : ज्या आवाजात आजवर संतचरित्र ऐकले त्याच आवाजात येथे एका क्षुद्र संसाराचा पंचनामा चालला आहे. चंद्रकांत काळे यांचा भाऊराव ज्यांनी पाहिला त्यांच्या स्मरणात तो प्रामुख्याने आवाज म्हणूनच राहिला आहे.

या नाटकाचे संगीत आनंद मोडक यांचे. मोडक मूळचे अकोल्याचे. याआधी १ जुलै १९३३ रोजी 'नाट्यमन्वंतर'ने 'आंधळ्यांची शाळा' रंगमंचावर आणून पदांची गर्दी हटविली व मोजक्या भावगीतांना नाट्यात जागा दिली, त्यामागील संगीतकार केशवराव भोळे हे अमरावतीचे. 'कट्यार काळजात घुसली' हे १९६७ चे नाटक लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे. मराठी रंगसंगीतात ज्या ज्या वेळी वळण आले त्या त्या वेळी वऱ्हाड-नागपूरकडचा कोणीतरी तेथे होता, असे म्हणण्याचा मोह होतो. प्रादेशिक अभिमानापोटी तो फार ताणू नये. परंतु मोडकांच्या चालींत भजनी मंडळाचा जो खरखरीत, न घोटलेला सूर ऐकू येतो तो शहरी बैठकीत तयार झालेला नाही, एवढे निश्चित.

बाडेन-बाडेनशी थेट धागा जुळतो तो १९७८ साली. 'महागोनी'नंतर वर्षभराने, ३१ ऑगस्ट १९२८ रोजी, वाइल-ब्रेख्त यांचे 'थ्रीपेनी ऑपेरा' बर्लिनमध्ये आले. पु. ल. देशपांडे यांनी त्याचे 'तीन पैशाचा तमाशा' केले व थिएटर अकादमीने ते जब्बार पटेल यांच्याच दिग्दर्शनाखाली सादर केले. लावणी, नाट्यपद, चित्रपटगीत आणि नंदू भेंडे यांनी अंकुशच्या भूमिकेत आणलेले रॉक संगीत यांची त्यात सरमिसळ होती. वाइलने जे स्वरसंवाद मुद्दाम वाकडे करून साधले ते येथे एका शैलीशेजारी दुसरी शैली ठेवून साधण्याचा प्रयत्न झाला. हा प्रयत्न मराठी कानाला साजेसा होता, कारण आपल्याकडे स्वरसंवादापेक्षा चालीची जात आधी ओळखू येते. लावणीच्या शेजारी गिटार आली की कोण कोणत्या वस्तीतला हे सांगावे लागत नाही. असे असले तरी या प्रयोगाबद्दल एक आक्षेप नोंदविणे आवश्यक आहे. पु. लं.ची शब्दकळा इतकी प्रसन्न आहे की ब्रेख्तचे दात तिच्यात बोथट होतात. प्रेक्षक चोरांवर प्रेम करून घरी जातो. अर्थात बर्लिनच्या प्रेक्षकानेही १९२८ साली हेच केले होते आणि गाणी गुणगुणत तो घरी गेला होता, तेव्हा हा दोष एकट्या रूपांतरकाराच्या माथी मारता येत नाही.

'बेगम बर्वे' (१९७९) या आळेकरांच्या नाटकात नव्या चालींची गरजच उरत नाही. उदबत्त्या विकून जगणारा बर्वे एकेकाळी संगीत नाटकांत दुय्यम स्त्रीभूमिका करीत असे. श्यामराव त्याला राबवितो, आणि जावडेकर-बावडेकर या दोन कारकुनांच्या स्वप्नात तो हळूहळू नलावडेबाई होऊन संसार थाटतो. जुनी नाट्यपदे येथे पात्राच्या अंगावर शालूसारखी येतात. पद सुरू झाले की बर्वे खरा होतो, थांबले की पुन्हा उदबत्तीवाला. स्वप्न मोडते ते अतिशय क्रूरपणे. एका संपलेल्या रंगभूमीचे श्राद्ध तिच्याच गाण्यांनी घालणारी दुसरी कृती मराठीत नाही, आणि या चार नाटकांत संगीताचा सर्वांत निर्दय उपयोग हाच आहे असे येथे नमूद करावेसे वाटते.

'चाल' छापण्याची रीत

किर्लोस्करांचे 'शाकुंतल' ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात आले. त्या परंपरेतील कोणतेही जुने नाटक उघडले तर पदाच्या डोक्यावर राग, ताल आणि 'चाल' म्हणून एखाद्या प्रचलित गाण्याचा निर्देश आढळतो. साकी, दिंडी, कामदा अशा जातींना तर तेवढा निर्देशही लागत नसे. नाव सांगितले की गाता येई. योगायोग असा की 'थ्रीपेनी ऑपेरा'चा दोनशे वर्षे जुना पूर्वज, जॉन गे याचे १७२८ चे 'बेगर्स ऑपेरा', हेही नेमके असेच छापले गेले : प्रत्येक गाण्यावर तत्कालीन लोकप्रिय चालीचे नाव. या मुद्रणाच्या रीतीमागे एक सामाजिक समज होती. नाटक हे एका कंपनीचे असले तरी चाल सर्वांची आहे. पुस्तक विकत घेणाऱ्या दूरच्या गावातील हौशी मंडळीला ते गाता यावे. रेल्वेने आणि बैलगाडीने फिरलेल्या कंपन्यांच्या मागोमाग वऱ्हाडातील गावोगावी हौशी संगीत नाटके झाली, त्याला या एका ओळीच्या निर्देशाचा मोठा हातभार होता.

१९७० नंतरच्या प्रायोगिक नाटकांच्या छापील संहितांमध्ये गाण्यांचे शब्द आहेत, स्वरलेखन नाही. लेखक, दिग्दर्शक, नट यांची नावे मुखपृष्ठामागे येतात. संगीतकाराचे नाव येते, संगीत येत नाही. याला कारणेही आहेत. ही नाटके तालमीत घडली. चंदावरकर किंवा मोडक यांच्या चाली नटांच्या गळ्यांवर बेतलेल्या होत्या, आणि तालमीत त्या बदलत गेल्या. कागदावर उतरविल्यास त्या गोठतील ही भीती अनाठायी नव्हती. आपली मौखिक परंपरा तर याच विश्वासावर उभी आहे. परंतु मौखिक परंपरेला घराणे लागते, गुरु-शिष्य लागतात, फड लागतो. नाट्यसंस्थेला ते नसते. तिला नटसंच असतो आणि तो वयाने थकतो. भास्कर चंदावरकर २००९ साली गेले. नंदू भेंडे आणि आनंद मोडक २०१४ साली, दीड महिन्याच्या अंतराने. 'घाशीराम' वर १९७६ साली निघालेला चित्रपट उपलब्ध आहे, परंतु तो चित्रपट आहे. रंगमंचावरील भिंतीचा श्वास त्याच्यावरून लिहून काढता येत नाही. परिणामी आज परगावचा एखादा संच ही नाटके करतो तेव्हा तो एक तर जुन्या ध्वनिमुद्रणाची नक्कल करतो, किंवा गाणी कापून नाटक गद्य करून टाकतो. दुसरा मार्ग अधिक रूढ होत चालला आहे, आणि त्यामुळे नवा प्रेक्षक 'घाशीराम'कडे इतिहासावरील वादग्रस्त भाष्य म्हणूनच पाहतो.

मौखिकतेचा कैवार घेणाऱ्यांनी ही बाब ध्यानी घ्यावी. जर्मनीत युद्ध झाले, संगीतकार परागंदा झाले, तरी कागद उरला. पुण्यात युद्ध झाले नाही.

यवतमाळचा रंगमंच

यवतमाळ जिल्ह्याला या चर्चेत प्रेक्षकाचीच जागा आहे असे समजणे चूक ठरेल. केळापूर, झरी-जामणी, घाटंजी, मारेगाव या तालुक्यांतील गोंड व कोलाम वस्त्यांत दिवाळीच्या सुमारास दंडार निघते. ढोलाच्या साथीने रिंगण, गाणी आणि मध्येच घडणारे छोटे विनोदी प्रवेश असा तिचा घाट असतो; एका गावची दंडार दुसऱ्या गावी पाहुणी जाते. प्रधान गायक किंगरीवर गोंडांच्या कुळकथा गातात. हे सर्व लोककला या सदरात टाकून अभ्यासक्रमाच्या एका प्रकरणात बंद केले जाते. वास्तविक मोजके कलावंत, दोन-तीन वाद्ये, नेपथ्याचा अभाव आणि गाण्यातून पुढे सरकणारा प्रसंग ही चेंबर ऑपेराची सर्व लक्षणे येथे हजर आहेत. दंडारीला पश्चिमेकडून प्रमाणपत्र मिळवून देण्यासाठी हे म्हटलेले नाही. तिची स्वतःची धार्मिक आणि सामाजिक चौकट आहे, आणि ती काढून टाकल्यास उरते ते केवळ स्नेहसंमेलनातील नृत्य. मुद्दा इतकाच की या जिल्ह्यातील विद्यार्थ्याच्या कानाला लहान संगीतनाट्य परके नाही.

१९७३ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन यवतमाळला भरले होते आणि ग. दि. माडगूळकर अध्यक्ष होते. 'गीतरामायणा'ची छप्पन गीते १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून घरोघरी पोहोचली होती, आणि ती गीते बहुतांशी पात्रांच्या मुखी आहेत. म्हणजे एका अर्थी नभोवाणीवरची ती दीर्घ संगीतिकाच होय. त्याच वर्षी पुण्यात थिएटर अकादमी स्थापन होत होती. संमेलनाच्या इतिहासात ही दोन टोके एकत्र नोंदविली जात नाहीत, कारण एक 'भावगीत' म्हणून आणि दुसरे 'प्रायोगिक' म्हणून वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवले जाते.

हाच कप्पा विद्यापीठीय युवक महोत्सवातही दिसतो. भारतीय विश्वविद्यालय संघाच्या धर्तीवर चालणाऱ्या या महोत्सवांत संगीत, नृत्य, नाट्य, वाङ्मय, ललितकला असे विभाग असतात. समूहगान संगीतात, एकांकिका नाट्यात. गाणारा विद्यार्थी एका तंबूत, अभिनय करणारा दुसऱ्यात, परीक्षकही वेगळे. एकांकिकेत पदे आली तर तिचे गुण कोणत्या निकषाखाली द्यावेत हा परीक्षकांपुढील प्रश्न असतो आणि तो बहुधा 'पार्श्वसंगीत' या रकान्यात मिटविला जातो. वास्तविक एकांकिकेसाठी मिळणारी तीस मिनिटे ही 'महागोनी'ला पुरलेली आणि हिंडेमिटला निम्म्याहून अधिक उरलेली वेळ आहे. गायक सहा लागतात. भजनी मंडळातील पखवाजवादक, पेटीवाला आणि टाळकरी हे कोणत्याही तालुक्याच्या महाविद्यालयात सापडतात. 'महानिर्वाण'ला तर नेपथ्य म्हणून प्रेताची जागा पुरते.

सापडत नाहीत त्या चाली. ज्यांच्या गळ्यात त्या आहेत असे मूळ संचातील काही कलावंत अजून गातात. त्यांना बसवून, भातखंडे किंवा पलुस्कर यांपैकी कोणत्याही लिपीत, निदान राग-तालाच्या आणि 'चाल अमुक' अशा एका ओळीच्या निर्देशाने, ही पदे संहितेत छापून घेणे हे काम एखाद्या विद्यापीठाच्या संगीत आणि मराठी विभागांना मिळून करता येण्याजोगे आहे. एम.फिल.चे कितीतरी प्रबंध 'घाशीराम'मधील इतिहास आणि कल्पित यांवर झाले. भिंत कोणत्या पट्टीत गाते, यावर एखादे संशोधन व्हावयास हरकत नाही.